‘सर्व्हर डाऊन’ लिहिण्यापूर्वी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणाहून एका वार्ताहरांचे पत्र आले आहे. वय पन्नाशीच्या आसपास, बातमीदारीचा अनुभव वीसेक वर्षांचा, सोबत थोडी कोरडवाहू शेती. ते ज्या जिल्हा दैनिकासाठी लिहितात त्याने आता पोर्टल सुरू केले असून, तालुका प्रतिनिधींनी बातमी आणि छायाचित्रे थेट पोर्टलसाठी पाठवावीत असा निरोप आहे. डेस्कवरची तरुण मुले फोनवर ‘स्लग’, ‘कीवर्ड’, ‘यूआरएल’, ‘ट्रॅफिक’ असे शब्द वापरतात. ‘मी हो हो म्हणतो आणि फोन ठेवल्यावर काय करायचे ते कळत नाही,’ असे ते लिहितात. अलीकडे रेशन दुकानातील यंत्र चालत नसल्याची बातमी त्यांनी ‘सर्व्हर डाऊन, लाभार्थी ताटकळले’ या मथळ्याने दिली, तेव्हा तहसील कार्यालयातील एका अधिकाऱ्याने चारचौघांत विचारले, ‘भाऊ, कुठला सर्व्हर?’ त्यांना उत्तर देता आले नाही. शहरातील एक संस्था १२ हजार रुपयांत इंटरनेट पत्रकारितेचा अभ्यासक्रम शिकवते. तो करावा, की पोर्टलचे काम नाकारून छापील अंकापुरते राहावे, आणि या वयात एवढे शब्द पाठ होतील का, असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत आणि सल्ला देण्यापूर्वी त्या तपासून पाहाव्यात असे मला वाटते. एक, तुमच्याकडे उणीव आहे ती शब्दांची; आणि दोन, फोनच्या पलीकडे बसलेल्या मुलांकडे ती उणीव नाही.

दुसरीपासून सुरुवात करते. ‘आपल्या बातमीला लाखभर हिट्स मिळाल्या’ असे डेस्कवरून कोणी सांगितले, तर हिट्स म्हणजे नेमके काय मोजले, असे त्याला शांतपणे विचारा. एक पान उघडताना वाचकाचा ब्राउझर, म्हणजे ज्या ॲपमधून तो संकेतस्थळ पाहतो ते, मजकूर, प्रत्येक छायाचित्र, बोधचिन्ह, मांडणीची फाइल या सगळ्यांची स्वतंत्र मागणी करतो आणि अशी प्रत्येक मागणी ही एक हिट असते; म्हणजे वीस छायाचित्रांचे एकच पान एका माणसाने एकदा उघडले तरी वीसपेक्षा जास्त हिट्स नोंदल्या जातात. पान किती वेळा उघडले गेले तो आकडा ‘पेज व्ह्यू’चा, आणि किती वेगवेगळ्या ब्राउझरांमधून उघडले गेले तो ‘युनिक व्हिजिटर’चा. हा शेवटचा आकडासुद्धा माणसांचा नसतो. एकच माणूस मोबाइलवर आणि कार्यालयातील संगणकावर वाचतो तेव्हा तो दोनदा मोजला जातो, आणि घरातली चार माणसे एकाच मोबाइलवर वाचतात तेव्हा ती चौघे मिळून एक ठरतात. आपल्या भागात हा दुसरा प्रकार काही दुर्मीळ नाही. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि जाहिरातदाराशी बोलताना नेमका सर्वांत मोठा आकडा देणारा शब्दच तोंडी येतो, हे जाता जाता नमूद करते.

आता पहिले गृहीतक. त्या अधिकाऱ्यांचा हेतू तुम्हाला गप्प करण्याचा असेलही, पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो तुमच्याच कामातला होता. पूल खचला की तुम्ही ‘बांधकाम बिघडले’ एवढे लिहून थांबत नाही; काम कोणत्या विभागाचे, कंत्राटदार कोण, देखभालीची मुदत संपली होती का, हे विचारता. ‘सर्व्हर डाऊन’ या शब्दांपाशी मात्र आपण सगळेच थांबतो, आणि त्या दोन शब्दांत जबाबदार कोण हा प्रश्न बुडून जातो. त्यामुळे तुम्हाला शब्द पाठ करायचे नाहीत. ज्या शब्दामुळे बातमीतला जबाबदार घटक बदलतो, तो शब्द तेवढा तपासायचा आहे.

तुमच्याच बातमीवर हे करून पाहू. सर्व्हर म्हणजे मागणी आली की उत्तर देण्यासाठी सतत चालू ठेवलेला संगणक किंवा अशा संगणकांचा समूह. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र स्वतः सर्व्हर नव्हे. ते बहुधा सिमकार्डाच्या नेटवर्कवरून मागणी पुढे पाठवते. शिधापत्रिकेची आणि धान्याच्या कोट्याची माहिती शासनाच्या सर्व्हरवर असते, तर अंगठ्याचा ठसा जुळतो की नाही हे आधार प्राधिकरणाच्या यंत्रणेत तपासले जाते. म्हणजे ‘अंगठा लागत नाही’ या एका तक्रारीमागे किमान चार वेगळ्या बातम्या असू शकतात: टॉवर बंद असेल तर प्रश्न दूरसंचार कंपनीला विचारायचा, शासनाचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पुरवठा विभागाला, आधारची पडताळणी अडली असेल तर जबाबदारी तिसऱ्याच ठिकाणी जाते, आणि वर्षानुवर्षे कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषाच झिजल्या असतील तर कोठेही काहीही डाऊन नसते, आणि तरीही म्हातारी रिकाम्या हाताने परत जाते. त्या वेळी दुकानदाराने पडताळणीचा दुसरा पर्याय वापरला का, हा प्रश्न बातमीच्या केंद्रस्थानी यायला हवा. ‘सर्व्हर डाऊन’ असे लिहिल्याने यातली सर्वांत गंभीर बातमीच हातची निसटते.

यातले नेमके काय घडले हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे यंत्राच्या पडद्यावर आलेला संदेश. दुकानदार ‘सर्व्हर नाही’ म्हणतो, पण पडद्यावर बहुतेक वेळा एक क्रमांक असतो. आधारच्या पडताळणीत ३०० हा क्रमांक ठसा जुळला नाही असे सांगतो, आणि ३३० म्हणजे त्या व्यक्तीची बायोमेट्रिक माहिती लॉक केलेली आहे. संगणकावर एखादे सरकारी पोर्टल उघडताना दिसणाऱ्या क्रमांकांचीही अशीच पद्धत आहे. चारने सुरू होणारे क्रमांक मागणीत काही चुकल्याचे सांगतात: ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, ४०३ म्हणजे पान आहे पण पाहण्याची परवानगी नाही. पाचने सुरू होणारे क्रमांक सर्व्हरकडची अडचण सांगतात: ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडले, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही, आणि हा क्रमांक बहुधा एकाच वेळी फार मागण्या आल्या की किंवा दुरुस्ती चालू असली की दिसतो. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्रावर रांग लागलेली असताना पडद्यावर ५०३ दिसत असेल, तर ‘मुदतीच्या शेवटच्या दिवशी एवढ्या मागण्या येणार हे माहीत असताना क्षमता का वाढवली नाही’ हा प्रश्न तुम्ही आत्मविश्वासाने विचारू शकता. एक सावधगिरी मात्र बाळगा. एखाद्या कार्यालयाने जुना आदेश हटवला किंवा दुसरीकडे हलवला तरी ४०४ च दिसते, म्हणून चारचा क्रमांक पाहून दोष लगेच नागरिकाच्या माथी मारू नये. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र घ्या आणि त्यात तारीख, वेळ आणि वरचा पत्ता स्पष्ट येईल असे पाहा.

गावात इंटरनेट ‘आले’ किंवा ‘गेले’ या बातम्यांनाही हीच शिस्त लागू आहे. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली आणि २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. पण फायबर पंचायतीच्या इमारतीपर्यंत पोहोचणे, तिथले उपकरण चालू असणे, त्याला वीज असणे, आणि तिथून शाळेपर्यंत किंवा घरापर्यंत जोडणी मिळणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. उद्घाटनाच्या पत्रकात बहुधा पहिलीच असते. वेगाचा आकडा लिहिताना तो मेगाबिटमध्ये आहे की मेगाबाइटमध्ये हे पाहा, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो, आणि ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतात. तसेच मेळघाटातल्या एखाद्या गावात टॉवरच नसणे, पर्लकोटेच्या पुराने भामरागड तुटलेले असताना विजेअभावी टॉवर बंद पडणे, आणि सरकारने आदेश काढून इंटरनेट बंद करणे या तिन्हींना ‘इंटरनेट ठप्प’ म्हणणे म्हणजे वाचकाला काहीच न सांगणे आहे. इंटरनेटबंदीचा आदेश लेखी असतो आणि राज्यात तो गृह विभागाच्या सचिव पातळीवरून निघतो. तेव्हा आदेश कोणाचा, किती काळाचा आणि कोणत्या भागासाठी, हे मागून घ्यावे.

‘हॅक’ हा शब्द तर आपल्या गुन्हे वार्तांकनात फारच सैल झाला आहे. पोलीस ठाण्यातून निरोप येतो, ‘शेतकऱ्याचा मोबाइल हॅक करून पैसे लंपास’. प्रत्यक्षात कोणीतरी बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी विचारून घेतलेला असतो; ही फसवणूक आहे, कोणतीही यंत्रणा भेदलेली नाही. बँकेसारखेच दिसणारे बनावट पान पाठवून त्यात माहिती भरायला लावली तर ते फिशिंग. व्हॉट्सॲपवर योजनेच्या किंवा वाहन चलनाच्या नावाने एपीके फाइल आली, ती उघडून ॲप बसवले आणि त्या ॲपने आलेले संदेश परस्पर वाचले, तर ते मालवेअर. आणि एखाद्या कार्यालयाने साठवलेली नागरिकांची माहिती उघडी राहिली, तर ती डेटा गळती, ज्यात पीडिताचा काडीचाही दोष नसतो. वाचकाला सावध करायचे असेल तर यातला नेमका प्रकार सांगावाच लागतो, कारण फोनवर ओटीपी न सांगणे आणि अनोळखी एपीके न उघडणे या दोन वेगळ्या सावधगिरी आहेत. अशा प्रत्येक बातमीच्या शेवटी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक द्यावा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

पत्ता वाचता येणे ही यापुढची गरज, आणि माझ्या मते तालुका प्रतिनिधीसाठी हेच सर्वांत उपयोगाचे कौशल्य आहे. यूआरएल म्हणजे एखाद्या पानाचा पूर्ण पत्ता. त्यात सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ नंतर दोन तिरक्या रेघा येतात, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग हा डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा. डोमेन उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ या शेवटच्या जागा शासकीय संस्थांसाठी राखीव आहेत, पण ती अक्षरे डोमेनच्या अगदी शेवटी असली तरच. मधे कुठेतरी ‘जीओव्ही’ घालून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असलेला पत्ता कोणीही काही शे रुपयांत घेऊ शकतो, आणि त्यावर राजमुद्राही लावू शकतो. ‘एचटीटीपीएस’ किंवा कुलपाचे चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की वाचक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. संकेतस्थळ चालवणारा प्रामाणिक आहे याची हमी त्यात नसते. संशय आला तर ‘व्हूइज’ या शोधसुविधेत डोमेन टाकून त्याची नोंदणी कधी झाली ते पाहा. मालकाचे नाव हल्ली बरेचदा झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख दिसते. आणि वर्षानुवर्षे चालू असलेल्या योजनेच्या नावाचे डोमेन मागच्या आठवड्यात नोंदलेले असेल, तर तुमच्याकडे एक वेगळीच बातमी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा शासन निर्णयही असाच तपासावा: त्यावरचा संकेतांक घ्या आणि राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या अधिकृत संकेतस्थळावर तो शोधा. सापडला तर त्या पानाची प्रत वेबॅक मशीन या सार्वजनिक संग्रहात जतन करून ठेवा, म्हणजे पुढे मूळ पान हटवले तरी तुमचा आधार टिकेल. स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, हे समोरच्या पक्षाचा वकीलही जाणतो.

‘व्हायरल’ शब्दाबद्दल एकच सूचना. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कोणाला वाचता येत नाहीत. त्यामुळे एखादी चित्रफीत तिथे किती जणांनी पाहिली हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही. ‘लाखो लोकांनी पाहिली’ हे वाक्य खोडून टाका.

आता डेस्कच्या भाषेकडे येऊ, जिची तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते आणि जी खरे तर सर्वांत हलकी आहे. स्लग म्हणजे बातमीच्या पत्त्याचा शेवटचा, त्या बातमीपुरता तुकडा. तो रोमन अक्षरांत आणि आटोपशीर द्या, कारण देवनागरीत दिला तर पत्ता दुसरीकडे चिकटवताना प्रत्येक अक्षरचिन्हाचे नऊ चिन्हांचे सांकेतिक रूप होऊ शकते, आणि दोन शब्दांच्या गावनावाची अगम्य रांग तयार होते. कीवर्ड म्हणजे तुमची बातमी शोधणारा माणूस शोधपट्टीत जे टंकेल ते शब्द. तिथे ‘बळीराजा हवालदिल’ चालत नाही. पीक, गाव, तालुका, जिल्हा आणि योजनेचे नाव लागते. एकाच नावाची गावे विदर्भात जागोजागी असल्याने तालुका आणि जिल्हा न चुकता लिहिणे, ही तुमची जुनीच सवय इथे कामी येईल.

टंकलेखनाचा प्रश्न मात्र खराखुरा आहे. तुम्ही कोणत्या फॉन्टमध्ये बातमी टंकता हे पत्रात लिहिलेले नाही, पण आपल्याकडे अजून कितीतरी वार्ताहर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहितात. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘राम’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ती जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे असतात. फॉन्ट तेवढा त्यांना मराठी चेहरा देतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर ती बातमी निरर्थक अक्षरांसारखी दिसते, आणि शोधयंत्राला ती सापडत नाही, कारण त्यात मराठी शब्दच नसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून ते कोणत्याही यंत्रावर तेच राहते. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’ यांत ती हमखास गोंधळ घालतात, आणि चुकीचे छापून आलेले आडनाव शेवटी तुमच्याच दारात भांडायला येते. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहिले की ते आपोआप युनिकोडच असते. संगणकावर बसायचेच असेल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी शिकून घ्या. अभ्यासक्रमाचे पैसे वाचवून वेळ कशावर घालवावा असे विचाराल, तर मी हेच सांगेन.

छायाचित्रांबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, यंत्राचा प्रकार आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवले जातात. याला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तर ही माहिती गळून पडते, पण ‘दर्जा चांगला हवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे डेस्कने सांगितले आणि तुम्ही तसे पाठवले, तर ती तशीच सोबत जाते. सावकाराविरुद्ध बोलणाऱ्या माणसाचे, अत्याचारपीडितेच्या घराचे, किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात कोणी विश्वासाने दाखवलेल्या कागदाचे छायाचित्र असे पाठवण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील लोकेशन बंद करा. नाव न छापण्याचा शब्द दिला असेल, तर फाइलमधूनही पत्ता जाता कामा नये.

एवढे वाचून लक्षात आले असेल, की यातला एकही शब्द तुमच्या नेहमीच्या कामापासून फार दूरचा नाही. फोनवर ‘हो हो’ म्हणण्याऐवजी ‘म्हणजे मी नेमके काय पाठवू?’ असे विचारा; त्या मुलाला शब्दाचा अर्थ सांगता आला नाही तरी कृती सांगावीच लागेल. वयाने लहान असलेल्याला विचारणे कमीपणाचे वाटत असेल, तर पटवाऱ्याकडून फेरफार आणि ठाणेदाराकडून कलमे तुम्ही अशीच विचारून शिकलात, एवढे आठवा. १२ हजारांच्या अभ्यासक्रमाबद्दल मी सरसकट नको म्हणणार नाही. पण पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेला विचारा की मराठीत युनिकोड टंकलेखन, छायाचित्राची आणि डोमेनची पडताळणी आणि पोर्टलवर प्रत्यक्ष बातमी चढवण्याचा सराव यांपैकी काय शिकवणार. उत्तरात फक्त ‘व्ह्यूज कसे वाढवावेत’ असेल, तर ते पैसे बियाण्याला ठेवा.

पोर्टलचे काम नाकारू नये असे माझे मत आहे, कारण छापील अंकाला दिलेली बातमीही आता बहुतेक ठिकाणी पोर्टलवर चढतेच. नाकारल्याने फक्त ती चढताना तुमचा हात तिच्यावर राहणार नाही. मात्र स्वीकारताना काही गोष्टी संपादकांकडून लेखी किंवा निदान संदेशाने पक्क्या करून घ्या. ज्या प्रणालीत बातमी लिहून प्रसिद्ध केली जाते तिला सीएमएस म्हणतात, आणि वर्डप्रेससारख्या प्रचलित सीएमएसमध्ये प्रत्येकाला वेगळ्या अधिकाराचे खाते देता येते. ‘कॉन्ट्रिब्युटर’ला बातमी लिहिता येते पण प्रसिद्ध करता येत नाही, ‘ऑथर’ स्वतःची बातमी स्वतः प्रसिद्ध करू शकतो, ‘एडिटर’ सगळ्यांच्या बातम्या हाताळतो. सुरुवातीला तुम्ही कॉन्ट्रिब्युटरचेच खाते मागा, म्हणजे तुमच्या बातमीवर दुसरी नजर फिरल्याशिवाय ती लोकांसमोर जाणार नाही. चारपाच प्रतिनिधींत एकच सामायिक पासवर्ड देत असतील तर ठामपणे नकार द्या, कारण मग कोणती बातमी कोणी बदलली हे सिद्ध करता येत नाही. स्वतंत्र खाते असेल, तर कोणत्या वेळी कोणी काय फेरफार केला याच्या आवृत्त्या वर्डप्रेस जपून ठेवते, आणि डेस्कने बदललेल्या मथळ्याबद्दल तहसीलमध्ये कोणी तुम्हाला जाब विचारला, तर ती नोंद त्यांच्यापुढे ठेवता येते.